बाबांचा संत्रा, माझी जंबेरी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे एक कुत्रं आहे. ते आजारी पडलं की त्या जेवत नाहीत, आणि गावाला जायचं निघालं की याला कोण बघेल म्हणून सख्ख्या भाचीचं लग्नसुद्धा सोडतात. त्याला त्या बाळ म्हणतात आणि स्वतःला त्याची मम्मी म्हणवतात. मी याला वर्षानुवर्षं नाकं मुरडत आले. राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेणारी, पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई मी. राग कायम नाकावर. एकदा तर त्यांना तोंडावरच सुनावलं होतं की पाळा हो, पण जनावराला जनावर म्हणा. त्या बिचाऱ्या कुत्र्याला घेऊन आत गेल्या. आता त्या जिन्यात भेटल्या की मीच मान खाली घालून चपला शोधायला लागते. कारण मी जे पाळलं त्याला हलवायला शेपूटसुद्धा नव्हतं, आणि त्याच्यापायी मी माझ्या ऐंशीला टेकलेल्या बापाशी खोटं बोलत राहिले.

बाबांची परतवाड्याकडे संत्र्याची बाग होती. भाऊ अकोल्याला नोकरीत, मी इथे अमरावतीत, आणि बाबांचे गुडघे गेलेले. बाग करणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी ती विकली. रीतसर विकली, रडारड नाही, तक्रार नाही. घेणाऱ्याकडून एवढंच मागून घेतलं की माझ्या हातानं डोळा भरलेलं एक कलम मी घेऊन जातो. ते कलम अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये लावलं आणि ते घेऊन बाबा अकोल्याला, जठारपेठेत भावाच्या फ्लॅटवर राहायला गेले.

डोळा भरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे संत्र्याचं बी लावून संत्रा करत नाहीत. आधी जंबेरी नावाचं एक रानटी लिंबू वाढवायचं. त्याच्या खोडाला चीर देऊन संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा त्यात बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा लागला की वरची जंबेरी छाटून टाकायची. म्हणजे मूळ जंबेरीचं आणि वरचं झाड संत्र्याचं. पण जंबेरी मोठी चिवट जात. जोडाच्या खालून ती जन्मभर डोकं वर काढत राहते. त्या फुटव्याला पानसोट म्हणतात. तो दिसला की तिथल्या तिथं मोडायचा, नाहीतर सगळा रस तोच पितो आणि वरचा संत्रा वाळून जातो. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला बाराखडी यायच्या आधी पानसोट मोडता येत होता, आणि हे मुद्दाम सांगते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

अकोल्यात त्या कलमाचे हाल झाले. तिथे नळ काही रोज येत नाही, आणि बोअरचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यानं पानांच्या कडा जळायला लागल्या. वहिनी वाईट नाही, पण पिण्याच्या पाण्याचीच मारामार असताना ती झाडाला गोडं पाणी कुठून देणार? मग बाबा स्वतःच्या तोंड धुण्याचं पाणी तांब्यात धरून ठेवायचे आणि ते झाडाला घालायचे. वहिनीनं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला आणि म्हटलं, पाठवा इकडे, आमच्याकडे गोडं पाणी आहे. मनातून मला राग आला होता तो वेगळाच. या माणसानं आमच्यापैकी कोणासाठी कधी तोंड धुण्याचं पाणी वाचवलं होतं?

एका हिवाळ्यात छोट्या टेम्पोत तो ड्रम आला. बाबा ड्रायव्हरशेजारी बसून सोबत आले, आणि गॅलरीत ऊन कुठून येतं, कुठवर येतं ते बघून त्याची जागा ठरवली. मला माती दाखवली, जोड दाखवला, आणि मी जणू मुंबईहून आलेली असावी तसं बजावलं, "पानसोट दिसला का मोडजो." मी म्हटलं, बाबा, मला माहीत आहे. ते ऐकत नव्हते. ते पानांवर बोट फिरवत होते.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फोन. माझी पहिली बॅच यायच्या आधी हमखास. पानी देल्लं का, नवी फूट आली का, पानं खालून पिवळी तर नाही ना. बस. मग वहिनी फोन घ्यायची आणि मी कशी आहे ते विचारायची. कधी मी मुद्दाम म्हणायचे, बाबा, मी पण ठीक आहे हां. ते म्हणायचे, हो हो, आणि पुन्हा झाडावर यायचे. पन्नाशीच्या बाईनं एका झाडाचा मत्सर करावा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण केला. पाणी घालताना मी त्या संत्र्याला बोलायचे, तुझीच चंगळ आहे रे, खा पी आणि लोळ.

पहिल्याच उन्हाळ्यात मला ऊन लागलं. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. भर दुपारी गाडी पंक्चर झाली, ती ढकलत घरी आले आणि पडले ती पडलेच. ताप उतरेना. खालच्या बाई, त्याच त्या कुत्र्यावाल्या, मला पन्हं आणून देत होत्या, मऊ भात आणून देत होत्या. बाबांचा फोन रोज यायचा. मी उशाशी फोन धरून म्हणायचे, हो, दिलं पाणी. दिलेलं नसायचं. उठताच येत नव्हतं. पण मला ऊन लागलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असा माझा हट्ट.

बरी होऊन गॅलरीत गेले तर संत्र्यानं अर्धी पानं टाकली होती. उरलेली वळून गेली होती. आणि जोडाच्या खाली, मातीला लागून, एक पानसोट वर आला होता. बोटभर उंच, लुसलुशीत, पोपटी. ड्रमची माती दगडासारखी कडक झालेली, आणि त्यातून तो कसा आला कोण जाणे. मी खाली बसले. दोन बोटांत त्याला धरलं. नुसतं वाकवलं असतं तरी मोडला असता. आणि माझ्या मनात एक विचार आला, तो मी जसा आला तसाच लिहिते: हा माझा आहे. वरचं झाड बाबांचं, त्याची चौकशी रोज होते. याची चौकशी करणारं कोणी नाही. मी हात काढून घेतला आणि त्याला पाणी घातलं.

तेवढंच झालं असतं तरी ठीक होतं. पुढच्या आठवड्यात मोडू, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो वीतभर झाला आणि त्याला काटे आले, कोवळे, अजून न टोचणारे. सकाळी चहा घेऊन मी त्याच्याजवळ बसायला लागले. त्याच्याशी बोलायला लागले. आज कोणत्या कार्ट्यानं गृहपाठ केला नाही, पोळ्या कशा वातड झाल्या, भाजीवाल्यानं कसं बनवलं. एकदा खालून बाईंनी विचारलं, कोणाशी बोलून राहिल्या ताई? मी म्हटलं, फोनवर. माझा फोन त्यांच्याच घरात चार्जिंगला होता, कारण माझ्या घरातला फ्यूज उडाला होता. त्या हसल्या नाहीत. नंतर फोन द्यायला वर आल्या तेव्हा त्या फुटव्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, तुमचं पण पाळीवच की ताई हे. मी त्यांना फाडकन म्हटलं, झाड आहे हो ते, झाडाला काय कळतं? माझं तोंड तापलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी पोरांना शिकवते.

मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला, आणि विचार करतानाही लाज वाटत होती. कुत्र्याला मालक ओळखू येतो. झाडाला माझं काही पडलेलं नाही. कोणीही पाणी घातलं तरी ते तितकंच वाढेल. मग मी याला माझं का म्हणते? आता मला वाटतं, की मला ओळखणारं कोणी नकोच होतं. ओळखणारी माणसं आहेत ना, अकोल्यात आहेत, रोज फोन करतात. मला माझ्यामुळे जगलेलं काहीतरी हवं होतं, ज्याची परीक्षा दुसरं कोणी घेणार नाही.

पण परीक्षा रोज सकाळी होत होतीच. बाबा विचारायचे, पानसोट? मी म्हणायचे, मोडला बाबा. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. नंतर ती सरावली. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, वहिनी त्यांना फोनमधले फोटो दाखवायची. मी फोटो असे काढायचे की काटे दिसू नयेत, सगळी हिरवी गच्च पानं तेवढी यावीत. पावसाळ्यात पानसोट संत्र्याच्या वर गेला. वहिनीला संत्र्याचं पान कुठलं आणि जंबेरीचं कुठलं हे काय कळणार? ती बाबांना सांगायची, किती छान झालंय, हिरवंगार. आणि बाबा मागून म्हणायचे ते मला ऐकू यायचं, "पोरीचा हात चांगला हाये." आयुष्यात माझ्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी फोटो काढलाच.

पुढच्या उन्हाळ्यात संत्रा वाळला. एकदम नाही, एकेक फांदी तपकिरी होत गेली. मी त्याला जास्त पाणी दिलं, खत दिलं, सावलीला कापड बांधलं, म्हणजे जे करायचं नव्हतं ते सगळं केलं, आणि जे करायचं होतं ते केलं नाही. ते अजूनही करता आलं असतं. बुंध्याशी एक काप दिला असता तर कदाचित संत्रा वाचला असता. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथंच बसत होते. शेवटी नखानं खोड खरवडलं तर आत सगळं कोरडं निघालं. तेव्हा मी जोडाच्या वरून बाबांचा संत्रा कापला, तुकडे करून पिशवीत भरला आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा खाली नेला. गाडीवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, ओला का सुका? मी म्हटलं, सुका. वर आले तर फोन वाजत होता. बाबा विचारत होते, पानी देल्लं का.

दिवाळीनंतर बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी दोन दिवस अकोल्याला जाऊन आले. पट्टी निघाली तेव्हा ते सगळ्यांकडे लहान पोरासारखं बघत होते. वहिनीला म्हणाले, तू तं गोरी हाये की. माझ्याकडे बघून म्हणाले, तुहे केस पिकले. आणि लगेच म्हणाले की प्रवासाची परवानगी मिळाली की आपण अमरावतीला जाऊ, मला माझं झाड बघायचं आहे. भाऊ म्हणाला, आणून सोडतो मी गाडीनं. परतीच्या बसमध्ये मला एकच सुचत होतं.

त्या रविवारी मी परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेले. बाबांच्या झाडाएवढं, ड्रममध्ये वाढलेलं एक कलम तिथे होतं. माणूस म्हणाला, दोन वर्षांत फळ धरेल. मी त्याची पानं पाहिली, जोड पाहिला. बाबांना कळलं नसतं असं नाही, पण कदाचित कळलं नसतं. फक्त ते लावायचं तर माझी जंबेरी उपटावी लागली असती, नाहीतर लपवावी लागली असती. कुठे लपवणार होते? खालच्या बाईंकडे? त्यांनी ठेवून घेतली असती, याची मला खात्री होती, आणि त्या विचारानंच मला इतकं ओशाळं वाटलं की मी त्या माणसाला काही न सांगता तिथून निघाले. तो मागून हाका मारत होता.

बाबा आले. भाऊ त्यांना सोडून एका कामासाठी बाजारात गेला. जिना चढताना बाबा दोनदा थांबले, पण घरात आल्यावर पाणीसुद्धा प्यायले नाहीत, थेट गॅलरीत गेले. मी दारातच उभी राहिले. मला सांगायला तोंड होतं, वेळ होता, आणि मी मूग गिळून उभी होते. त्यांनी एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

"जंबेरी हाये हे," ते म्हणाले.

ते कसेबसे खाली वाकले आणि बुंध्याशी बोटानं चाचपलं. जोड सापडला, त्याच्यावरचा कापलेला खुंट सापडला. त्यावर त्यांचा अंगठा कितीतरी वेळ होता. बागेत चुकीची फांदी कापणाऱ्या गड्याला बाबा अशा शिव्या घालत की आम्ही कान झाकून घेत असू. मी त्या शिव्यांची वाट बघत होते. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, कवा गेला? मी म्हटलं, उन्हाळ्यात. मग एवढे महिने फोनवर काय सांगत होती, असं त्यांनी विचारलं नाही. मी खुर्ची दिली, ते बसले. मग मला राहवलं नाही आणि मी सगळं सांगितलं. ऊन लागलं होतं इथपासून नाही, पानसोट आला तिथपासून. "मले तो मोडवला नाही, बाबा," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आमची बोली निघाली.

"पायली म्हन की तिले," बाबा म्हणाले. पाळलीस म्हण की. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग ते मला समजावून सांगायला लागले, की झाड पाळून चालत नाही, त्याला कापावं लागतं तेव्हाच ते कामाचं होतं. मूळ जोरात आहे, असं ते म्हणाले. वरची सगळी जंबेरी आता छाटून टाकायची, नवी फूट आली की तिच्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. त्यांचे हात आता थरथरतात, पण परतवाड्याहून एक जण येईल, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी कोटाच्या खिशातून सिकेटर काढलं, छाटणीची ती जुनी कात्री. अकोल्याहून ते ती सोबत घेऊन आले होते.

"कापू?" त्यांनी विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, म्हणायचं होतं. एकदा मी त्यांचं झाड मारलं होतं आणि ते मला ते परत करायची संधी देत होते, न रागावता, एकही वाकडा शब्द न काढता. आणि मी म्हटलं, "नोको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतरच्या त्या स्वच्छ डोळ्यांनी नीट बघितलं. मग सिकेटर मिटवून कठड्यावर ठेवलं आणि म्हणाले की राहू दे, तुझं आहे ते. मी चहा केला. आम्ही दोघं गॅलरीत बसून तो प्यायलो. खाली कुत्रं भुंकत होतं आणि बाई त्याला दटावत होत्या. बाबा कपातल्या चहाकडे बघत काहीतरी विचार करत होते. मला वाटलं, बागेचा विचार करत असतील.

"आता मी तुले फोनवर काय इचारू?" ते म्हणाले.

त्यांना खरंच पडलेला प्रश्न होता तो. मला रडवायला ते म्हणाले नव्हते. मी कप खाली ठेवला आणि जे बोलायला मला इतकी वर्षं लाज वाटत होती ते बोलून टाकलं. "माह्यं इचारत जा ना, बाबा."

त्यांना काही उमगलं नाही. "तुह्यं काय इचारू?" ते म्हणाले. "तू तं बरीच असतं."

त्यांचं चुकलं नव्हतं. ताप अंगात असताना, घरात दुसरं माणूस नसताना, पन्नासाव्या वाढदिवशी एकटी पिठलं-भाकरी खाताना, मी बरी आहे हेच मी त्यांना ऐकवत आले होते. मी उठले, कठड्यावरचं सिकेटर घेतलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. कापा, म्हटलं, मग रोज विचारा नवी फूट आली का. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, रडून काऊन राहिली वं?

मी बरी आहे, म्हटलं. त्यांनी सिकेटर उघडलं.